चोरदिंडी

“तुझा सरदार उपाशी मेला,” माई म्हणाल्या आणि कांदेपोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. “घे, तू तरी खा.”

लग्न होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. साताऱ्याला सदरबझारातल्या आगट्यांच्या बंगल्यात, जेवणाच्या टेबलावर मी ‘गडवेढा’ नावाचा पत्त्यांचा खेळ आयुष्यात पहिल्यांदा खेळत होते आणि सासूबाईंनी मला पोहे परतता परतता हरवलं होतं. अतिशयोक्ती नाही करत. एक पान टाकायच्या, गॅसपाशी जायच्या, कढई हलवायच्या, तिथूनच विचारायच्या, “टाकलंस का गं?” आणि मी मात्र हातातल्या पानांकडे बघत घामाघूम.

माई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या निवृत्त बाई. अण्णा, माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. माझा नवरा शिरीष सहकारी बँकेत. धाकटे दीर विनय बंगळूरला. अशा चारचौघांसारख्या घरात दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की टेबल पुसून पत्ते मांडले जायचे, आणि ते साधे राजा-राणी-गुलाम नव्हेत.

“माझ्याकडे एकसुद्धा तोफ नाहीये,” मी तक्रार केली.

“येतील की. हळूहळू जमतात,” माई म्हणाल्या. “आम्ही तरी कुठे एका दिवसात जमवल्या?”

गोष्ट अशी की या खेळाला अंत नव्हता. पुण्याची कुठलीशी छोटी कंपनी दर दसऱ्याला नवी पेटी काढायची, नवी पानं, नवी करामत. ज्याने त्याने आपल्या साठ्यातून आपला गड्डा रचायचा. प्रत्येकाचा एक गड, गडावर एक सरदार, शिबंदी आणि रसद. दोघांनी एकमेकांना वेढा घालायचा, आणि ज्याची रसद आधी संपेल त्याचा गड पडला. आगट्यांकडे अगदी पहिल्या पेटीपासूनची सगळी पानं होती, आणि माझ्याकडे होता आहेर.

हो, आहेर. सत्यनारायणाच्या दिवशी माईंनी माझ्या हातात एक सागवानी डबी ठेवली होती. मला वाटलं, कुडी असेल. उघडते तर पत्ते! घरच्या प्रत्येकाने आपल्यातले थोडे थोडे घातलेले. “आता तू आमच्यातली झालीस,” अण्णा म्हणाले, तेव्हा मला भरूनही आलं होतं. पुढे कळलं की ज्याच्याकडे जे पान तीन-तीनदा होतं तेच माझ्या वाट्याला आलं होतं. धान्याच्या गाड्या, पखाली, म्हातारे पहारेकरी. वर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मालकाचं अक्षर. पानं मिसळली तर भांडणं नकोत म्हणून घरात ही पद्धत होती: माईंचा ‘मा’ शाळेतल्या लाल शाईत, अण्णांचा ‘अ’ काळ्या, विनयचा ‘वि’ निळ्या आणि शिरीषचा ‘शि’ हिरव्या. माझ्या डबीतल्या एकाही पानावर माझं अक्षर नव्हतं.

“विकत नाही का मिळत?” मी शिरीषला विचारलं.

“जुन्या पेट्या आता छापतच नाहीत,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात केवढा अभिमान!

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग एके दिवशी अण्णांनी मला समोर बसवलं.

“सूनबाई, एक सांगून ठेवतो. पूर्वी या घरात फार भांडणं व्हायची. मी आणि माई, दोघंही हट्टी. ताटं आपटली जायची, पोरं घाबरून गच्चीवर जाऊन बसायची. मग हा खेळ आला. तेव्हापासून आमचं ठरलंय. ज्यावर दोघांचं पटत नाही त्यावर डाव मांडायचा. जिंकेल त्याचं खरं. हरणाऱ्यानं फुगून बसायचं नाही. विनय बंगळूरला गेला तो याच टेबलावर माईला हरवून गेला.”

“आणि मी अडवलं नाही,” माई आतून म्हणाल्या. “नियम सगळ्यांना सारखा.”

मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? माझ्या माहेरी, इस्लामपूरला, वडील बोलले की विषय संपला. आईने तोंड उघडलं की “तू गप्प बस.” इथे निदान समोरासमोर बसवत होते, हातात पानं देत होते. मैत्रिणीला फोन करून मी फुशारकी मारली की आमच्याकडे बाई लोकशाही आहे.

ती लोकशाही मला पुढच्या दीड वर्षात चांगलीच कळली. बैठकीच्या खोलीचे पडदे कोणते, यावर डाव मांडला, हरले. नागपंचमीला माहेरी जायचं, हरले. शिकवणीचे वर्ग संध्याकाळी घ्यायचे की सकाळी, हरले. कुणी आवाज चढवत नव्हतं, कुणी टोमणा मारत नव्हतं. हरले की माई माझ्या पुढ्यात काहीतरी खायला ठेवायच्या आणि माझं कुठे चुकलं ते समजावून सांगायच्या. तेही खरंच नीट सांगायच्या, चांगल्या शिक्षिका होत्या. पण चूक उमगून उपयोग काय? तोफ कधी डागायची हे मला कळत होतं, माझ्याकडे तोफ नव्हती. बरं, भांडावं तर कुणाशी? भांडायची सोयच त्या घरात ठेवलेली नव्हती. कुणी दार लावलेलं नाही आणि मला बाहेर पडता येत नाही, असं काहीतरी व्हायचं.

आणि त्यातच रत्नागिरीच्या एका कॉलेजचं पत्र आलं. मुलाखत मी लग्नाआधीच दिलेली, आशा सोडलेली. कायमची जागा. रसायनशास्त्राची अधिव्याख्याता. मी पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले.

“आपण जाऊ,” शिरीष म्हणाला. “रत्नागिरीला आमची शाखा आहे. बदली मागता येईल.”

“नक्की?”

“लग्न ठरताना काय म्हणालो होतो? तू जाशील तिथे मी.”

माईंनी पत्र शांतपणे वाचलं, घडी घालून मला परत दिलं. “छान झालं हो. पण दोघांनी तिकडे जायचं आणि आम्ही म्हाताऱ्यांनी इथे भिंतींशी बोलायचं, हे मला नाही पटत.”

“मग?” मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

“मग डाव मांडू. तू जिंकलीस तर तुम्ही दोघं जा, मी स्वतः डबे भरून देईन. हरलीस तर त्यांना नाही म्हणून कळवायचं. अगं, घाई नाही. चांगली महिनाभर तयारी कर.”

महिनाभर! दीड वर्षात जे जमलं नाही ते महिनाभरात जमवायचं होतं. शिरीषने पुण्यातला एक दुकानदार शोधून काढला, त्याच्याकडे जुनी, सीलबंद पाकिटं शिल्लक होती. आत काय निघेल ते नशिबावर, आणि भाव ऐकून मी मटकन बसलेच. माझ्याकडे विकण्यासारखी स्वतःची अशी एकच वस्तू होती, माझी स्कूटी. लग्नाआधी शिकवण्या करून घेतलेली, माहेराहून येताना चालवत आणलेली. ती गेली शेजारच्या गल्लीतल्या कंपाउंडरकडे. त्या दिवसापासून भाजी आणायलासुद्धा मला शिरीषच्या मागे बसून जावं लागायचं.

पाकिटं आली तेव्हा सगळं घर टेबलाभोवती गोळा झालं. माईसुद्धा! चष्मा लावून, लहान मुलीसारख्या उत्सुक. “फोड, फोड. अगं कात्रीने नको, पान कापेल.” दोन तोफा निघाल्या, एक चांगला किल्लेदार निघाला. “वा!” अण्णा म्हणाले. माईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी जांभळ्या शाईने पहिल्यांदा ‘मृ’ लिहिला, माझ्या नावाचा, मृदुलाचा. पण मला हवं होतं ते पान निघालं नाही.

ते पान म्हणजे चोरदिंडी. पहिल्या पेटीतलं. गडाच्या तटातला तो चोरवाटेचा छोटा दरवाजा. रसद संपत आली, गड पडणार असं वाटत असताना हे पान टाकलं की सरदार त्या दरवाजाने निसटून वेढा घालणाऱ्याच्या छावणीवर मागून तुटून पडतो आणि डाव फिरतो. माझे निम्मेअधिक डाव याच पानाने बुडवले होते.

“एकटा सरदारच बाहेर पडतो हं,” माईंनी मला पूर्वी कधीतरी समजावलं होतं. “शिबंदी गडावरच राहते. म्हणून जपून वापरायचं.”

घरात चोरदिंड्या दोनच होत्या. एक माईंची आणि एक शिरीषची.

“एवढं तोंड काय पाडतेस?” शिरीष म्हणाला. “माझी घे ना. आपल्यातलं पान दुसऱ्याला देता येतं, नियमात आहे.”

मी त्या भाबड्या माणसाला मिठीच मारली. तीन आठवडे गड्डा रचला, मोडला, पुन्हा रचला, सगळा त्या एका पानाच्या भरवशावर. आणि डावाच्या आदल्या दिवशी शिरीषने आपला पत्र्याचा डबा उघडला तर पान नाही.

“असं कसं?”

“हरवलं असेल गं. विनय दिवाळीत आला होता, त्याच्या गड्ड्यात गेलं असेल.” तो डबा उलटापालटा करत होता. माझ्याकडे बघत नव्हता, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. उलट मीच त्याची समजूत घातली. “जाऊ दे रे. त्याच्याशिवाय खेळेन.”

आणि खेळले! देवाशप्पथ सांगते, त्या रविवारी मी जशी खेळले तशी कधी खेळले नव्हते. पाटवड्यांचं जेवण झालं, अण्णा पंच म्हणून मध्ये बसले, शिरीष बाजूला शेंगदाण्यांची वाटी घेऊन. मी घाई केली नाही. पहिल्यांदा माईंच्या धान्याच्या गाड्या अडवल्या. मग एक तोफ. माई चहा ठेवायला उठल्याच नाहीत, तिथेच मला कळलं की आज प्रकरण सोपं नाही हे त्यांनाही कळलंय.

“शिकलीस गं,” त्या म्हणाल्या.

“तुम्हीच शिकवलंत.”

मी दुसरी तोफ डागली आणि त्यांनी चोरदिंडी टाकली. इतक्या लवकर! माझं बरंच नुकसान झालं, पण मी मनातल्या मनात उडी मारली, कारण आता त्यांचा दरवाजा वापरून झाला होता. लाल ‘मा’ लिहिलेलं ते पान बाद ढिगात गेलं. दुसरी चोरदिंडी घरात उरलीच नव्हती. आता नुसता वेढा आवळत न्यायचा. माईंची रसद उतरत उतरत शेवटच्या एका गाडीवर आली.

“सूनबाई, आज तू इतिहास घडवणार बहुतेक,” अण्णा हात चोळत म्हणाले.

मी ती शेवटची गाडीही अडवली. डोळ्यांसमोर रत्नागिरी, प्रयोगशाळा, आमचं दोघांचं दोन खोल्यांचं घर. माईंनी पानांवरून नजर फिरवली, एक पान काढलं आणि हळूच मध्ये ठेवलं.

चोरदिंडी, आणि कोपऱ्यात हिरव्या शाईत ‘शि’.

मी शिरीषकडे बघितलं. तो वाटीतल्या शेंगदाण्यांची सालं काढत होता, एकेक, फार मन लावून.

“त्याचं पान आहे, त्यानं मला दिलं,” माई सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगेन. “देता येतं. नियमात आहे.”

“माहीत आहे, माई.”

पुढच्या दोन हातांत माझी छावणी गेली आणि गड पडला. मी हरले.

“उद्या त्या कॉलेजला कळवून टाक,” माई म्हणाल्या. “आणि मनाला लावून घेऊ नकोस. मी जरा आलं घालून चहा करते.”

मी “हो” म्हटलं. काय म्हणणार? खेळ संपला की सगळ्यांनी मिळून पानं निवडायची, ज्याच्या अक्षराचं पान त्याने उचलायचं, अशी पद्धत. लाल लाल ढिगात गेली, काळी काळ्यात. माझी थोडीशी जांभळी मी उचलली. आहेराची पानं डबीत भरली. टेबलाच्या मधोमध ती हिरवी चोरदिंडी तशीच उरली. शिरीषने हात पुढे केला नाही. अण्णांनी टेबल पुसायला फडकं आणलं तेव्हा ती मीच उचलली आणि पर्समध्ये टाकली.

त्या संध्याकाळी मी कपबशा विसळल्या, कूकर लावला, माईंबरोबर टीव्हीवरची मालिका बघितली. कुणाला वाटावं, काही झालंच नाही. पण मला कळेना, मी कुणाच्या घरात बसले आहे. गड्डा रचण्यात तीन आठवडे घालवले, स्कूटी विकली, आणि ज्याला माझ्या बाजूचा समजत होते त्यानेच पान नेऊन समोर दिलं होतं. मला इतका राग आला होता की रडूसुद्धा येत नव्हतं.

सकाळी माई जास्वंदीची फुलं काढत होत्या तेव्हा मी बॅग घेऊन बाहेर आले.

“कुठे?”

“रत्नागिरीला. रुजू व्हायला.”

त्यांनी परडी खाली ठेवली. “डाव हरलीस ना तू?”

“हरले.”

“मग शब्द मोडतेस?”

“मोडते.”

त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. रागापेक्षा भीतीच जास्त होती त्यात. “विनयनंसुद्धा कधी मोडला नव्हता.”

“विनयभाऊजी जिंकले होते, माई. त्यांच्याकडे सगळ्या पेट्या होत्या. त्यांना मोडायची वेळच आली नाही.”

त्यांनी परडी पुन्हा उचलली. गणिताच्या बाई त्या, हिशेब त्यांना समजला असणार. अण्णा दारात उभे होते. “पोहोचलीस की फोन कर, सूनबाई,” एवढंच म्हणाले आणि आत गेले.

शिरीष धावत मागून आला, माझ्या हातातली बॅग घेतली. स्टँडपर्यंत तो माझ्या दोन पावलं मागून चालत राहिला. कराडवरून जाणारी रत्नागिरी गाडी लागलेली होती. मला खिडकी मिळाली. तो खाली उभा राहिला.

“माईंनी मागितलं होतं का ते पान?” मी विचारलं.

खरं सांगते, त्याने ‘हो’ म्हणावं असं मला वाटत होतं. माईंनी मागितलं, मला नाही म्हणता आलं नाही, असं म्हणाला असता तर मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं असतं.

“नाही,” तो म्हणाला. “मीच नेऊन दिलं.”

“का रे?”

“तू जिंकली असतीस तर मला यावं लागलं असतं.”

गाडीचं इंजिन सुरू झालं. आजूबाजूला लोक पिशव्या चढवत होते, कुणीतरी शेंगा विकत होतं.

“मग तसं तोंडानं म्हणायचं!” मी ओरडलेच.

“आमच्या घरात तोंडानं कोण काय म्हणतं, मृदू?” तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “मला इथून निघायची भीती वाटते. आणि तुला नाही म्हणायचीही भीती वाटते. डाव असला की बरं असतं. काही ठरवावं लागत नाही. लहानपणापासून मी असाच…”

दीड वर्ष मी समजत होते की त्या टेबलावर अडकलेली मी एकटीच आहे. मी तर बाहेरून आलेली नवखी, माझ्याकडे तोफा नव्हत्या. या माणसाकडे पहिल्या पेटीपासूनची सगळी पानं होती आणि तो माझ्याहून वाईट अडकला होता. मला त्याची चीड आली, कीवही आली, आणि प्रेम तर होतंच, ते कुठे जातंय?

मी पर्स उघडली, ती चोरदिंडी काढली आणि खिडकीतून त्याच्या हातात दिली.

“तुझी आहे. ठेव.”

“अगं, तूच ने.”

“मला लागली नाही,” मी म्हटलं. “तुला लागेल.”

गाडी निघाली. कराड येईपर्यंत मी पोटभर रडून घेतलं.

आता मी त्याच कॉलेजात विभागप्रमुख आहे. दसऱ्याला माईंचा फोन येतो. नवी पेटी आली म्हणतात, अमुक पान फार छान आहे म्हणतात, आणि शेवटी विचारतात, “तुझी डबी आहे अजून इथे, पाठवू का?” मी म्हणते, असू दे माई, तिथेच असू दे. अण्णा गेल्यापासून त्या एकट्याच दोन्ही बाजूंनी खेळतात असं शिरीष सांगतो.

शिरीष दर शनिवारी येतो. येताना माझ्यासाठी कंदी पेढे आणतो, नळाची गळती बघतो, समुद्रावर माझा हात धरून फिरतो. बदलीचा अर्ज लिहून तयार आहे म्हणतो, या मार्चला देतोच. रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जातो. तिकिटाचे पैसे काढायला पाकीट उघडतो तेव्हा आतल्या कप्प्यात ते पान दिसतं. कोपऱ्यातली हिरवी शाई आता पुसट होत आली आहे.